मूळचं काय ते बोला

जुनी गाडी विकायला काढली की येणारा माणूस आधी किंमत विचारत नाही, नंबर विचारतो. चेसिसचा, इंजिनाचा, गिअरबॉक्सचा, मागच्या अ‍ॅक्सलचा. एवढी पत्रिका आमच्या लग्नातही कुणी पाहिली नव्हती. माझ्याकडे १९६७ ची पॉन्टियाक जीटीओ होती. दांडग्या इंजिनाच्या ज्या गाड्यांना अमेरिकेत मसल कार म्हणतात, त्या घराण्यातली थोरली पाती. मिशिगनमध्ये, जिथे ती बनली त्याच पंचक्रोशीत, मी ती इतकी वर्षं सांभाळली. विकणार असं कळल्यावर पहिला फोन आला त्या गृहस्थाने नाव सांगायच्या आधी विचारलं, ‘दोनशे बेचाळीस आहे ना?’

आहे. त्या वर्षीच्या अस्सल जीटीओचा चेसिस नंबर २४२ ने सुरू होतो. २३७ ने सुरू झाला तर ती ल मॉन्स, म्हणजे पॉन्टियाकचीच साधी बहीण, मग अंगावर चारी बाजूंनी जीटीओ लिहिलेलं का असेना. अशी सोंगं बाजारात पुष्कळ फिरतात, तेव्हा विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. शिवाय पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस नावाची संस्था आहे. पैसे भरले की ती आपल्या गाडीच्या कारखान्यातल्या मूळ बिलाची प्रत पाठवते. रंग कुठला होता, गिअर किती, जास्तीचे पैसे देऊन काय काय बसवून घेतलं, सगळं त्यात. माझ्या जन्माच्या दाखल्यात आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं आहे. या बिलात एक खाडाखोड नाही.

विकायचं कारण अगदीच गद्य. डावा गुडघा. गाडी चार गिअरची, आणि तिचा क्लच दाबायला पायात पैलवानाचं बळ लागतं. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरचे सिग्नल एकामागून एक लाल मिळाले की घरी येईपर्यंत मी लंगडत असे. ‘अहो, एखादा तरी सांधा म्हातारपणासाठी ठेवा,’ असं बायको म्हणाली. मुलाला विचारलं, तर तो विजेच्या गाडीवाला. ‘बाबा, मी तिला ठेवू कुठे?’ त्याच्या फ्लॅटमध्ये त्याची सायकल ठेवायलाही जागा नाही, हे खरंच आहे.

तर गिऱ्हाईक आलं. शेजारच्या ओहायोतून, तिशीतला मुलगा, हातात टॉर्च आणि मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक. चुंबक कशाला, तर पत्र्यावरून फिरवायला. जिथे ते चिकटत नाही तिथे खालचा पत्रा गंजून गेलेला आणि वर पुट्टी भरलेली. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाणच आहे. म्हणजे शहर गाड्या बनवणार आणि शहराच्याच पोटातलं मीठ त्या खाणार. मी ही गाडी नोव्हेंबरनंतर कधी रस्त्यावर काढली नाही. मागच्या चाकांच्या कमानींपाशी चुंबक खट्कन चिकटलं तेव्हा मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं.

तो आनंद पाचेक मिनिटं टिकला. मग त्याने फोनवर यादी करायला घेतली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक? ते मूळचे नाहीत, या गाडीला चारी ड्रम ब्रेक होते. वजा. इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन? वजा. मागच्या सीटला खांद्यावरून येणारे पट्टे? कारखान्यातून फक्त कमरेचे आले होते. वजा. डॅशबोर्डवर हा चौकोनी डाग कसला?

तो डाग गणपतीचा. आई एकदा उन्हाळ्यात राहायला आली होती. सिग्नल सुटताना गाडीने जी उडी घेतली, त्याच संध्याकाळी तिने दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून गणपती बसवला. दसऱ्याला या गाडीच्या बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलेलं आहे आणि चाकाखाली लिंबू ठेवलेलं आहे. खांद्याचे पट्टे मुलगा मागे बसायला लागला तेव्हाचे. डिस्क ब्रेक बसवले ते एका पावसाळी संध्याकाळी ड्रमांनी माझ्या म्हणण्याकडे फारसं लक्ष दिलं नाही म्हणून. यादीतली एकूण एक वजाबाकी म्हणजे आमच्या घरातला कुणी ना कुणी. मी गाडी वापरली तेवढी तिची किंमत उतरली. कुणीच न वापरता ती कुठे तरी ताडपत्रीखाली पडून राहिली असती, तर तिला सोन्याचा भाव आला असता.

आणि हे अस्सलपण कुणाच्या बाबतीत मागायचं? जीटीओचा जन्मच मुळी पळवाटेतून झालेला. १९६४ मॉडेलच्या वेळची गोष्ट. पॉन्टियाक ज्या कंपनीची, त्या जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टियाकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या माणसांच्या लक्षात आलं की टेम्पेस्ट या मध्यम गाडीत बसणारं ३२६ चं इंजिन आणि मोठ्या गाड्यांचं ३८९ चं इंजिन बाहेरून एकाच मापाचं आहे. एकाच्या जागी दुसरं सहज बसतं. मग नियमाला बगल कशी द्यायची? नवीन मॉडेल म्हणायचंच नाही, २९५ डॉलरचं ‘ऑप्शन’ म्हणायचं. नावही फेरारीकडून उचललेलं. पाच हजार खपतील असा अंदाज होता, पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या. एवढ्या गाड्या खपल्यावर नियम कुणाला आठवतो! माझ्या गाडीच्या वर्षापर्यंत इंजिन ४०० घनइंचाचं, म्हणजे साडेसहा लिटरचं झालं होतं. पेट्रोल लिटरला चार-पाच किलोमीटर. तर जी गाडी दुसरीचं इंजिन घालून जन्माला आली, तिला मी बसवलेला एक पट्टा चालत नाही.

हे सगळं मी त्या मुलाला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मूळचे ड्रम टाकून दिलेत का?’

टाकले नव्हते. मराठी माणूस आणि खोकं फेकून देईल? गॅरेजच्या फळीवर ड्रम, पॉइंट, कमरेचे पट्टे, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं होतं. त्याचा चेहरा असा उजळला की गाडी राहू दे, खोकं द्या म्हणतो की काय असं मला वाटलं. ड्रम परत बसवून दिले तर वजाबाकीतली मोठी रक्कम परत, असं ठरलं. मी दोन शनिवार-रविवार जमिनीवर आडवा पडून, स्वतःच्या हाताने ती कमी सुरक्षित करून दिली.

ऑगस्टपर्यंत थांब म्हटलं, ते मात्र त्याने ऐकलं. मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांना ‘हिस्टॉरिक’ नंबरप्लेट मिळते. तिच्यावर एरवी क्लबच्या कार्यक्रमांना, प्रदर्शनांना, मिरवणुकांनाच गाडी न्यायची. ऑगस्टचा महिनाभर मात्र कुठेही हिंडा. त्यातला तिसरा शनिवार वुडवर्ड ड्रीम क्रूझचा. १९९५ पासून हा सोहळा चालतो. फर्नडेलपासून पॉन्टियाक गावापर्यंत जुन्या गाड्यांची रांग, कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली माणसं, आणि पेट्रोलच्या वासाने दुखणारं डोकं. बहुतेक वर्षी तो नेमका श्रावणी शनिवार निघतो. समोर हॉट डॉग भाजले जात असताना बायकोने आणलेली साबुदाण्याची खिचडी स्टिअरिंगवर डबा ठेवून खाणारा त्या रस्त्यावर मी एकटा नसेन, पण आम्ही फार जण नक्कीच नसू.

सप्टेंबरात तो ट्रेलर घेऊन आला. मालकीच्या कागदावर सही केली. इथे नंबरप्लेट गाडीबरोबर जात नाही, विकणाऱ्याकडेच राहते, म्हणून ती उतरवून घेतली. गणपती तर आधीच बायकोच्या टोयोटात गेला होता.

चार दिवसांनी फोन. गाडी पेट्रोल भरायला नेली आणि आता पंपावर सुरूच होत नाही. काय केलंस? अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल मारलं, पाच-सहा वेळा. इंजिन गरम? हो. मग ओव्हर झाली असणार, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त गेलं. थंड असताना पॅडल एकदा पूर्ण दाबून सोडायचं, म्हणजे चोक बसतो. गरम असताना पाय आवरायचा. हे बिलात नसतं. त्याला म्हटलं, आता दहा मिनिटं थांब, मग पॅडल तळापर्यंत दाबून धर, पंप करू नकोस, आणि स्टार्टर मार. थोड्या वेळाने फोनमधून तो ओळखीचा गडगडाट आला. आभार मानून झाल्यावर तो म्हणाला, ‘आणखी एक. ब्रेक दाबला की गाडी जराशी उजवीकडे ओढते. हे काय?’

‘ते मूळचं आहे,’ मी म्हटलं. ‘हात लावू नकोस, किंमत उतरेल.’