फोटोत दिसतंय ना, मग?

हिरो फोटोग्राफर असला की मी तो पिक्चर शेवटपर्यंत बघतेच, कितीही रटाळ असला तरी. गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस पडद्यावर आला की मला आपलं वाटतं, आता हा काहीतरी बघणार जे बाकी कुणी बघितलेलं नाही. आणि बघतोच तो, पण असे बरेच पिक्चर बघून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की या बिचाऱ्यांच्या फोटोंवर कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवत नाही. समोर छापलेला कागद असतो, त्यात सगळं धडधडीत दिसत असतं, आणि उपयोग शून्य!

'जाने भी दो यारो' घ्या. १९८३ चा, कुंदन शाहचा. विनोद आणि सुधीर, म्हणजे नसीरुद्दीन आणि रवी बासवानी, मुंबईत ब्यूटी फोटो स्टुडिओ काढतात, गिऱ्हाईक फिरकत नाही, मग एका स्पर्धेसाठी शहरभर फोटो काढत हिंडतात आणि त्यातला एक फोटो मोठा करून बघतात तर मागे कुणीतरी कुणाचा तरी खून करतोय. तो आणखी मोठा करतात, आणखी मोठा, आणि दिसतो तो बिल्डर तरनेजा. आता पुरावाच हातात आहे म्हटल्यावर पिक्चर तिथेच संपायला हवा ना? तर नाही. ज्या संपादक बाईंकडे हे भरवशानं जातात त्या बाईंना बातमी छापण्यापेक्षा तरनेजाकडून पैसे उकळण्यात जास्त इंटरेस्ट. (ही बाई भक्ती बर्वेंनी केलीय, 'ती फुलराणी' नाटकातल्या त्या डोक्यात ठेवून बघायला बसलात तर जाम धक्का बसतो, इतकी थंड आणि गोड बोलून कापणारी बाई आहे ती.) पुढे फोटो राहतो बाजूला, सगळे पळतात खून झालेल्या डिमेलोच्या प्रेतामागे, ते प्रेत साडी नेसून महाभारताच्या स्टेजवर द्रौपदी होऊन उभं राहतं, आपण हसून हसून लोळतो, आणि शेवटी जेलमध्ये जातं कोण, तर हेच दोघं. आम्ही लहानपणी हा पिक्चर फक्त महाभारतासाठी बघायचो. शेवटी कैद्यांच्या कपड्यात चालत येऊन ते गळ्यावरून हात फिरवतात ते कळायला बरीच वर्षं जावी लागली.

त्यात ज्या बागेत तो खुनाचा फोटो निघतो तिचं नाव अँटोनिओनी पार्क आहे. हा सलाम आहे मायकेलअँजेलो अँटोनिओनीच्या 'ब्लो-अप'ला, १९६६ चा लंडनमधला पिक्चर. तिथला फोटोग्राफर म्हणजे फॅशनवाला, मॉडेल्सवर खेकसणारा, पैसेवाला, अजिबात आवडू नये असा. तो मॅरियन पार्क नावाच्या बागेत एका जोडप्याचे फोटो काढतो, नंतर मोठे करतो तर झुडपात पिस्तूल धरलेला हात. आता इथे पंधरावीस मिनिटं तो माणूस प्रिंट काढतो, भिंतीला लावतो, भिंग घेऊन बघतो, परत डार्करूममध्ये जातो, आणि जवळजवळ डायलॉगच नाहीत. आमच्या घरी हे लावलं तेव्हा नवरा दोनदा म्हणाला की पॉज झालंय का. मला मात्र तो तुकडा म्हणजे अख्ख्या पिक्चरचा जीव वाटतो. कारण फोटो मोठा करत गेलं की एका हद्दीनंतर चित्र जातं आणि नुसते दाणे राहतात, फिल्मवरचे चांदीचे दाणे. म्हणजे जितकं जवळ जाऊन बघाल तितकं कमी दिसतं. त्याच्या स्टुडिओत चोरी होते, एकच दाणेदार फोटो उरतो, आणि तो बघून शेजारची बाई म्हणते की हे तर माझ्या चित्रकाराच्या पेंटिंगसारखं दिसतंय. संपला पुरावा! सकाळी परत बागेत गेला तर प्रेतही गायब. त्या बागेतले फोटो खऱ्याखुऱ्या युद्ध फोटोग्राफरनं, डॉन मॅकलिननं काढलेले आहेत, म्हणूनच ते इतके अंगावर येत असावेत.

जाता जाता एक तक्रार. पिक्चरमध्ये डार्करूम म्हटलं की लाल दिवा लागतोच आणि त्या लाल उजेडात हिरो खुशाल रोलसुद्धा धुतो. अरे, लाल दिवा ब्लॅक अँड व्हाइटच्या कागदाला चालतो, साधी फिल्म पूर्ण काळोखातच हाताळावी लागते, नाहीतर गेली ना कामातून. पण काळोखात हिरोचा चेहरा कसा दिसणार, त्यामुळे चालायचंच.

हिचकॉकचा 'रिअर विंडो' (१९५४) तर अजून मजेशीर. पाय प्लास्टरमध्ये घालून खिडकीशी बसलेला जेम्स स्टुअर्ट, समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांकडे बघतोय, अगदी चाळीच्या गॅलरीत दिवसभर बसून कोण आलं कोण गेलं बघणाऱ्या आजोबांसारखा. त्याचा पाय कसा मोडला हे सुरुवातीला कुणी सांगतच नाही, कॅमेरा नुसता खोलीभर फिरतो, मोडका कॅमेरा दिसतो, भिंतीवर रेसमधल्या अपघाताचा फोटो दिसतो, कळतं सगळं. आणि गंमत म्हणजे एवढा नावाजलेला फोटोग्राफर, हातात हे एवढं लांब लेन्स, पण समोरच्या माणसानं स्वतःच्या बायकोचा खून केलाय असा संशय असताना हा एकही फोटो काढत नाही! जुन्या स्लाइड घेऊन अंगणातल्या वाफ्यातली फुलं आधीपेक्षा बुटकी कशी झाली एवढं ताडतो (कुणीतरी तिथे खणलंय म्हणजे), पण पोलिसातला मित्र काही हलत नाही. शेवटी खुनी अंगावर चालून येतो तेव्हा कॅमेऱ्यातलं कामाला काय येतं, तर फ्लॅशचे बल्ब. त्याच्या डोळ्यांवर एकामागून एक फोडतो. फोटोग्राफीचा एवढा रोखठोक उपयोग मी दुसऱ्या पिक्चरमध्ये बघितलेला नाही.

खऱ्या फोटोंची ही गत, आणि याच्या उलट खोटं सांगणारे फोटो बघा कसे मस्त चालतात. रितेश बत्राच्या 'फोटोग्राफ'मध्ये गेटवेवरचा फोटोवाला रफी, त्याच्या दादीनं लग्नासाठी औषधंच सोडलीयत, म्हणून हा एका अनोळखी मुलीचा गेटवेवर काढलेला फोटो गावी पाठवून देतो, ही बघ माझी पसंत. तद्दन थाप. पण दादी खूश, आणि सीएचा क्लास आणि घर याच्यापलीकडे काही नसलेली ती मुलगी स्वतःचाच फोटो बघून विचारात पडते, कारण फोटोतली तिला आपल्यापेक्षा खूश वाटते. 'मेमेंटो'मध्ये तर कहर आहे, 'गजनी'वाल्यांना ती पोलरॉइडची भानगड माहीतच असेल. त्या माणसाला नवीन काही लक्षात राहत नाही म्हणून तो भेटेल त्याचा फोटो काढून त्यावर नोंद लिहितो. टेडी नावाच्या माणसाच्या फोटोवर लिहिलेलं असतं, याच्या थापांवर विश्वास ठेवू नकोस. पण ते लिहिलं का, हे शेवटी कळतं (ज्यांनी बघितला नाही त्यांनी पुढची ओळ सोडा), त्यानं ते मुद्दाम, स्वतःलाच गंडवायला लिहिलेलं असतं. फोटो शंभर टक्के खरा आणि तरी त्याच्याच जोरावर सगळं खोटं!

'स्मोक' (१९९५) मात्र माझ्या या थिअरीत नीट बसत नाही आणि माझा सगळ्यात लाडका तोच आहे. ब्रुकलिनमधला सिगारेटचा दुकानदार ऑगी रोज सकाळी आठला दुकानासमोरच्या त्याच कोपऱ्याचा फोटो काढतो. चार हजारांच्या वर फोटो, सगळे एकाच जागेचे. लेखक मित्र भराभरा अल्बम उलटतो तर ऑगी म्हणतो, सावकाश बघ, नाहीतर तुला कळणार नाही. मग तो सावकाश बघतो आणि एका फोटोत त्याला त्याची गेलेली बायको दिसते, सकाळी कामाला निघालेली. रडतो तो. इथे फोटो खरा आणि बघणाऱ्यानं मानलाही. हरले मी. पण हा ऑगी शेवटी जेवायला बसून सांगतो की हा कॅमेरा त्यानं ख्रिसमसच्या दिवशी एका आंधळ्या म्हातारीच्या बाथरूममधून ढापला होता, आधीच कुणीतरी ढापून आणलेला. आणि गोष्ट इतकी झकास की मित्र मिस्किल बघत सुचवतो, थापा मारणं हीसुद्धा कला आहे बरं. म्हणजे कॅमेरा चोरीचा, गोष्ट बहुतेक बनवलेली. थोडीफार बसलीच की थिअरी!

आज विनोद-सुधीर असते तर फोनवर दोन बोटांनी झूम केलं असतं, दहा मिनिटांत फोटो सगळ्या ग्रुपवर, आणि तरनेजा म्हणाला असता, एआय आहे. आमच्या सोसायटीत तर तेवढंही लागत नाही. वरून कुणीतरी कचऱ्याची पिशवी टाकतं म्हणून एका काकूंनी पाळत ठेवून फोटो काढला, खिडकी, हात, पिशवी, सगळं स्वच्छ, आणि ग्रुपवर टाकला. पहिला प्रश्न आला, हा जुना आहे का. दुसरा, काकू तुम्ही एवढ्या सकाळी जिन्यात काय करत होता. त्यावर चर्चा पार रात्रीपर्यंत. पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर विषय होता, सभासदांनी इतरांच्या खिडक्यांचे फोटो काढू नयेत.