पट्टीमागची पांढरी भुकटी

अॅल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टीलच्या पट्टीच्या कडेने पांढरी भुकटी दिसली, की ती पट्टी काढायचीच. वरून कितीही चकचकीत असली तरी.

माझी होडी एंटरप्रायझ वर्गातली, जुनी. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली ही दोघांची होडी. लांबी साधारण ४ मीटर, शिडं निळी. पावसाळ्यासाठी मुंबईत होडी वर काढली आणि डोलकाठी आडवी ठेवली, तेव्हा काठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या श्राउडच्या तारा जिथे अडकवतात त्या दोन्ही पट्ट्यांभोवतीचा रंग फुगलेला दिसला. काठी अॅल्युमिनियमची, पट्टी स्टेनलेसची आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली. तिच्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. शिवाय मागच्या फटीत हवा पोचत नाही, त्यामुळे स्टेनलेसलाही तिथे गंज धरतो. वाऱ्यात काठी उभी राहते ती याच पट्ट्यांच्या जोरावर.

सगळ्यात जपून करायचं काम रिवेट काढण्याचं. रिवेटच्या मधला खिळा कडक असतो. त्याच्यावरून ड्रिल घसरलं की शेजारच्या मऊ अॅल्युमिनियममध्ये घुसतं आणि भोक वेडंवाकडं होतं. म्हणून आधी तो खिळा पंचने आत ठोकला, मग ड्रिल हळू फिरवून फक्त रिवेटचं डोकं उडवलं. उरलेले तुकडे काठीच्या पोटात पडतात. ते तिथे राहू देऊ नयेत. शीड वर चढवायचा दोर, म्हणजे हॅलयार्ड, आतूनच जातो, धारदार कडेवर घासून दोर कापला जातो. बुडाचा ठोकळा काढून काठी तिरकी धरली आणि सगळं झटकून काढलं.

डाव्या पट्टीत भोकाच्या कडेला केसासारखी रेघ वाटत होती. भेग दाखवणारा लाल रंग लावला, पुसला, वर पांढरा फवारा मारला. रेघ लाल होऊन उमटली. उजवी पट्टी निर्दोष दिसत होती, पण तिचं वयही तेवढंच. दोन्ही टाकल्या.

नव्या पट्ट्या मुंबईतल्या दारूखाना भागाजवळच्या एका कारागिराकडून कापून घेतल्या. तो म्हणाला, "साहेब, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची घ्या की, दिसायला सारखीच."

"दिसायला सारखीच, दादा, पण खाऱ्या पाण्यात ३१६ जास्त टिकते."

पट्ट्या जुन्यांपेक्षा थोड्या लांब करून घेतल्या. श्राउडच्या पिनेची उंची तीच ठेवली, पण रिवेट मात्र न झिजलेल्या धातूत बसले. नवी भोकं एका आडव्या ओळीत येऊ दिली नाहीत, नाहीतर काठी तिथेच कमजोर होते. श्राउडची तार ज्या कोनात येते त्याच कोनात पट्टी वाकवून घेतली. तसं नसेल तर दर झुळकीला पट्टी वाकत राहते आणि भेग पुन्हा तिथेच पडते.

अॅल्युमिनियम नायलॉनच्या घासणीने साफ केलं. लोखंडी काथ्या इथे अजिबात वापरू नये, त्याचे कण धातूत रुतून बसतात. मग पट्टीखाली पातळ प्लास्टिकचा तुकडा, त्यावर दोन धातू वेगळे ठेवणारी पेस्ट. रिवेट मोनेलचे, म्हणजे निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे, ४.८ मिलिमीटरचे. इंग्लंडहून येणाऱ्या मित्राने आणले होते. प्रत्येक रिवेट पेस्टमध्ये बुडवूनच बसवला.

मोसमातल्या पहिल्या जोरदार वाऱ्यानंतर काठी उतरवून पाहिली. पट्ट्यांच्या कडा स्वच्छ होत्या, एकही रिवेट हललेला नव्हता. आता फोरस्टेची, म्हणजे काठीला पुढून धरणाऱ्या तारेची, पट्टी काढायला घेतली आहे.