मधली जागा टीव्हीला भरू देऊ नका

'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' आणि 'रात्रीस खेळ चाले' ही दोन नावं एका दमात घेतली की ऐकणारा चमकतो. एक 2023 चा अमेरिकी ॲनिमेशनपट, दुसरी 2016 साली झी मराठीवर सुरू झालेली कोकणातल्या वाड्याची मालिका. पण दोन्ही लागोपाठ बघितल्या की एक गोष्ट मनात पक्की बसते: दोघांचीही ताकद गाळलेल्या जागेत आहे. चित्रपट दोन चित्रांमधली हालचाल मुद्दाम गाळतो. मालिका, निदान पहिल्या पर्वात, दोन आवाजांमधली शांतता मुद्दाम ताणते. आणि दुकानातून आणलेला टीव्ही आला तसाच लावला, तर तो या दोन्ही जागा आपल्या मनाने भरून टाकतो. मग चित्रपट 'अडकत चाललाय' असं वाटतं आणि मालिका 'घाबरवतच नाही'. दोष त्यांचा नसतो.

आधी चित्रपट. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 चित्रं, जातात. नेहमीच्या कॉम्प्युटर ॲनिमेशनमध्ये प्रत्येक फ्रेमला पात्राची नवी मुद्रा असते. स्पायडर-व्हर्समध्ये पुष्कळ ठिकाणी एक मुद्रा दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला 12 मुद्रा. ॲनिमेशनवाले याला 'ऑन टूज' म्हणतात. 2018 च्या पहिल्या भागात याचा अर्थच कथेत होता. जंगलात जुना स्पायडर-मॅन पीटर आणि नवा स्पायडर-मॅन झालेला पोरगा माइल्स जाळ्यावर झोके घेत पळतात तेव्हा मुरलेला पीटर प्रत्येक फ्रेमला हलतो, नवखा माइल्स दोन फ्रेमला एकदा. एकाच शॉटमध्ये दोघांचा अनुभव नुसत्या हालचालीतून कळतो, कुणी बोलून दाखवत नाही. दुसऱ्या भागात हे फार पुढे गेलंय. हॉबी, म्हणजे स्पायडर-पंक, याच्या अंगाचा वेग वेगळा आणि जाकिटाचा वेगळा. तो पडद्यावर कात्रणं चिकटवल्यासारखा दिसतो, आणि कुणाचंही न ऐकणाऱ्या त्या पोराला तेच शोभतं. मला या चित्रपटात सगळ्यात जास्त आवडलेलं पात्र तेच.

आता टीव्ही इथे काय करतो बघा. आजकालच्या बहुतेक टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते आणि ती चालूच येते. दोन फ्रेम तपासून मधली फ्रेम टीव्ही स्वतः बनवतो. क्रिकेटला ते चालतं, चेंडू नीट दिसतो. पण इथे पहिल्या दोन फ्रेम सारख्याच आणि तिसरी एकदम वेगळी, त्यामुळे पात्र थांबतं, घसरतं, पुन्हा थांबतं. शाईच्या रेघांभोवती पाणी हलल्यासारखी कड दिसते आणि कॉमिकच्या छपाईचे ठिपके थरथरतात. हॉबीचं तर जाकीट अंगात विरघळतं. ही सोय एलजीत 'ट्रूमोशन', सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी', सोनीत 'मोशनफ्लो' या नावाने मिळते. 'कमी' वर ठेवून भागत नाही, पूर्ण बंद करा. टीव्हीत 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की हे आपोआप बंद होतं. एक मात्र ध्यानात ठेवा, बऱ्याच टीव्हीत ही निवड प्रत्येक इनपुटला वेगळी असते. सेट-टॉप बॉक्सला बंद केली म्हणून स्टिकला, म्हणजे नेटवरचे ॲप दाखवायला टीव्हीमागे खोचतो त्या काडीला, बंद झाली असं समजू नका.

पिक्चर मोड 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर तोही बदला, 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' ठेवा. ग्वेन, म्हणजे माइल्सची मैत्रीण आणि तीही स्पायडर-हिरो, हिचं जग जलरंगात आहे. बापलेकीचं बोलणं चालू असताना मागच्या भिंतीचे रंग त्यांच्या मनासारखे बदलत जातात, ओघळतात. व्हिव्हिडमध्ये फिकट गुलाबी आणि फिकट निळा दोन्ही भडक होतात, मग बदलच कळत नाही. तो प्रसंग रंगावर उभा आहे, रंग गेला की नुसते संवाद उरतात.

पवित्र प्रभाकर या भारतीय स्पायडर-मॅनचं मुंबॅटन शहर रंगवताना इंद्रजाल कॉमिक्स या आपल्याकडच्या जुन्या चित्रकथांचा आधार घेतलाय, हे आपल्याकडच्या प्रेक्षकाने मुद्दाम बघावं. ज्यांच्या घरी वेताळाचे जुने अंक अजून जपून ठेवलेत त्यांना ते गडद सपाट रंग लगेच ओळखू येतील. अंक समोर ठेवून तो भाग थांबवून थांबवून बघा, दुप्पट मजा येते. खलनायक स्पॉटकडेही लक्ष असू द्या. सुरुवातीला चेष्टेचा विषय वाटणारा हा माणूस पुढे शाईच्या डागांनी पडदा गिळायला लागतो, आणि ते भय भुताच्या गोष्टीइतकंच अस्सल आहे.

आवाजाचं दुखणं वेगळं. हा चित्रपट थिएटरात आला तेव्हा सुरुवातीचे संवाद संगीताखाली दबतात अशी ओरड झाली होती, आणि आवाज रेफरन्स पातळीला, म्हणजे 7 ला, जमल्यास साडेसातला ठेवा असं निर्मात्यांनी थिएटरवाल्यांना सांगितलं होतं. घरी तेच आणखी वाढतं. 5.1 चा, म्हणजे सहा चॅनेलचा, ट्रॅक टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरमधून आला की मधल्या चॅनेलवरचे संवाद बसतात. ॲपमध्ये साधा स्टिरिओ ट्रॅक असेल तर तोच निवडा, नसेल तर टीव्हीच्या आवाजात संवाद स्पष्ट करणारी सोय चालू करा.

आता 'रात्रीस खेळ चाले'. आकेरीचा तो वाडा आपल्याला, बेळगाव-खानापूरकडच्यांना, परका नाही. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी, आंबोली करत सावंतवाडीला उतरलं की पुढे कुडाळच्या वाटेवर आकेरी. अण्णा नाईक गेल्यावर सगळं कुटुंब वाड्यात गोळा होतं, आणि जमीनजुमल्याच्या कुरबुरीतून भय हळूहळू वर येतं. पहिलं पर्व म्हणूनच श्रेष्ठ. भूत दिसण्याआधी घर ओळखीचं होतं: मागचं परसू, विहीर, माजघरातला अंधार, कोण कुणाशी का बोलत नाही ते. पांडू करणारे प्रल्हाद कुडतरकर लेखनातही होते, त्याचा गुण संवादांत दिसतो, मालवणी कुठे चिकटवलेली वाटत नाही. खानापूरच्या पश्चिमेकडच्या माणसाला ती सहज कळते, शहरातल्याला पहिले दोन-चार भाग कान द्यावा लागतो.

या मालिकेला मारतं ते टीव्हीचं 'ऑटो व्हॉल्यूम'. ते मोठा आवाज दाबतं आणि बारीक आवाज उचलतं. म्हणजे रातकिड्यांची किरकिर बोलण्याइतकी मोठी होते आणि दार वाजतं ते बोलण्याइतकंच लहान. दचकायचं कशाला? 'नाइट मोड'ही तसाच. दोन्ही बंद. पावसाळ्यात घरावर पत्रे असतील तर हे बघणं रात्री सर थांबल्यावरच ठेवा, पत्र्यावरच्या पावसात शांतता ऐकूच येत नाही. लाइट गेल्यावर साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चालत असेल तर स्पीकरमधून बारीक गुणगुण येते. ती इन्व्हर्टरच्या चौकोनी वीजलहरींची असते, स्पीकर बिघडलेला नसतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ती येत नाही.

चित्राचं म्हणाल तर ट्यूबलाइट बंद करा, पण खोली काळीकुट्ट करू नका. टीव्हीच्या मागे, पडद्यात न दिसणारा छोटा पिवळा दिवा ठेवला की डोळे ताणत नाहीत आणि पडद्यावरचा काळा उलट जास्त गडद वाटतो. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंद, नाहीतर कंदील हलला की सगळी भिंत उजळते-विझते. खोलीतल्या उजेडावर चालणारा सेन्सरही बंद, कारण अंधारात तो पडदा आणखी मंद करतो. ब्राइटनेस इतकाच वाढवा की काळ्या केसांमागचा काळा दरवाजा जेमतेम वेगळा दिसेल. त्याच्या पुढे गेलात तर अंधार राखाडी होतो आणि चित्रातले चौकोनी ठोकळे उघडे पडतात. ते ठोकळे नेटचा वेग कमी पडल्याचे असतात. एचडीला साधारण 5 एमबीपीएस सलग मिळायला हवेत आणि ॲपमधला डेटा वाचवायचा पर्याय बंद हवा.

आणखी एक बारकावा. आपल्याकडच्या मालिका सेकंदाला 25 फ्रेमच्या असतात आणि स्टिक बहुधा 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 चित्रांच्या वेगाने, चालते. हिशेब जुळत नाही, म्हणून कॅमेरा वाड्यावरून सरकताना हिसका बसतो. स्टिकच्या सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेट जुळवायचा पर्याय असेल तर चालू करा. केबलच्या बॉक्सवर हा त्रास सहसा नसतो, तो 50 हर्ट्झवर असतो.

क्रमाबद्दल: 2019 चं दुसरं पर्व काळाने आधीचं आहे, अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता यांचं. माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांनी ते खांद्यावर पेललंय, अभिनय बघण्यासारखाच आहे, पण त्यात भय मागे पडून माणसांची लालसा पुढे येते. तरी कथेच्या काळाप्रमाणे दुसरं आधी बघू नका, पहिल्यातला अण्णांचा दबदबा त्यांच्या नसण्यातून कळण्यात गंमत आहे. तिसरं पर्व वेळ उरला तर.

स्पायडर-व्हर्सची भाषा निवडताना मात्र आपल्या भागाला चैन आहे. तो भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती आणि कन्नडही. घरात एक पोर मराठी शाळेत आणि एक कन्नड शाळेत असेल तर दोन्ही पर्याय आहेत, फक्त ॲपवर पैसे भरण्याआधी ऑडिओची यादी उघडून बघा. लहानांना आपल्या भाषेत दाखवा, हॉबीचं बोलणं मात्र एकदा इंग्रजीत ऐका. लांबी 140 मिनिटं आहे आणि कथा ऐन मोक्यावर तुटते. पोरांना ते आधीच सांगून ठेवा.