शनिवारची चिडचिड

आमच्या कथालेखनाच्या वर्गातल्या बाई आज त्या विरारच्या मुलाला म्हणाल्या, "तुला कान आहे रे, ऐकत जा आणि लिहीत जा." मी शेजारीच बसलेले, चहाचा कप हातात, आणि एकदम डोकंच सटकलं. कारण ते वाक्य माझं आहे. म्हणजे बाईंचंच, पण मला दिलेलं. कॉलेज सुटलं तेव्हा, घरी ते सगळं चालू होतं तेव्हा (जाऊ दे), त्या एका वाक्यावर मी भांडुपवरून दादरला येत राहिले.

बरं, पोरगं वाईट लिहितं म्हणावं तर तेही नाही. त्याच्या कथेत विरार लोकलमधल्या भजनी ग्रुपचा एक टाळवाला आहे, त्याला उतरायचं असतं मीरा रोडला पण अभंग संपत नाही म्हणून रोज भाईंदरला उतरतो आणि उलटी गाडी पकडतो. मीच सगळ्यात आधी हसले. तेच झोंबलं बहुतेक.

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. बाई लाल पेन वापरत नाहीत, पेन्सिल, तीही ब्लेडने तासलेली, इतकी टोकदार की पानाच्या मागे बोट फिरवलं तर अक्षरं लागतात. 'फार'ला गोल, 'खूप'ला गोल, 'अत्यंत'ला दोन गोल. पप्पांवरच्या परिच्छेदापुढे मार्जिनमध्ये नुसतं "इथे लपलीस". तेव्हा रडले होते, आज वाचून परत पोटात कालवलं. कानाबिनाचं कुठेच लिहिलेलं नाही, ते सगळं तोंडीच.

मग सगळ्यांनाच म्हणतात का त्या? म्हणत असतील. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला हेही त्या प्रत्येक बॅचला सांगतात, तितक्याच उत्साहात, आणि मग पिटाळतात दादर ईस्टला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बस, जुने अंक चाळ, लोक कथा कुठे थांबवतात ते बघ. फीचं विचारलं की "दिवाळीनंतर बघू". माझी ती दिवाळी अजून आलेली नाही. एवढं करून वर प्रत्येकाला नवं कोरं कौतुक कुठून आणायचं त्या बाईने? डॉक्टर सगळ्यांना क्रोसिन देतो म्हणून माझा ताप खोटा होता का. तरी पण. माझ्यासमोर नको होतं म्हणायला, एवढंच.

आणि हे राहिलंच, निघाल्यावर पुलावर तो मागून धावत आला. "ताई, बाई सगळ्यांनाच असं म्हणतात का हो?" आयता चान्स होता. मी म्हटलं, "नाही रे, त्या उगाच काही बोलत नाहीत." पोरगं इतकं खुललं की त्याची फास्ट गेली तरी बोलतच होतं. माझी ठाणे स्लोपण गेली, आठ नंबर प्लॅटफॉर्मवरून (डिसेंबर २०२३ पासून आठ, माझ्या तोंडात अजून जुना 'एक नंबर'च बसलाय). फोन नंबर दिला त्याला. म्हटलं पुढच्या शनिवारी पुढचा भाग आण, तो टाळवाला रोज उशिरा घरी पोचतो तर बायकोला सांगतो काय ते मला ऐकायचंय.