सूर्य मावळला तरी खाडा नको

सूर्याच्या पोटातली खबर प्रकाश देत नाही, तो पृष्ठभागापुरतंच बोलतो. आतलं कळतं ते ध्वनितरंगांमुळे. त्यांनी पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या लयीत खालीवर होतो; अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट लेटन यांना ही थरथर १९६० मध्ये सापडली.

ती मोजताना सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे रात्र. एकाच ठिकाणाहून पाहिलं की रोज नोंदीत खंड पडतो आणि कंपनांच्या वर्णपटात (कोणत्या वारंवारतेचं कंपन किती जोरदार, याचा आलेख) प्रत्येक खऱ्या शिखराच्या दोन्ही अंगांना ११.५७ मायक्रोहर्ट्झवर (हर्ट्झचा दशलक्षांश) खोटी शिखरं उगवतात (१ भागिले ८६,४०० सेकंद, करून बघा). सूर्याच्या फिरण्याने एका शिखराची जवळजवळ अनेक शिखरं होतात, ती जेमतेम ०.४ मायक्रोहर्ट्झच्या अंतराने. या गर्दीत खरं-खोटं निवडणं कठीण.

म्हणून १९९५ पासून 'गाँग' (ग्लोबल ऑसिलेशन नेटवर्क ग्रुप) हे सौर दुर्बिणींचं जाळं चालतं. बिग बेअर (कॅलिफोर्निया), मौना लोआ (हवाई), लिअरमंथ (ऑस्ट्रेलिया), उदयपूर, तेइदे (स्पेनची कॅनरी बेटं) आणि सेरो तोलोलो (चिली) या सहा ठिकाणी एकसारखी उपकरणं. नुसत्या भूगोलाच्या हिशेबाने कमी केंद्रांतही भागलं असतं, पण ढग तो हिशेब जुमानत नाहीत. उदयपूर पावसाळ्यात झाकलं गेलं की एका बाजूने लिअरमंथ, दुसरीकडून तेइदे जमेल तेवढं सांभाळून घेतं.

उपकरण सूर्यप्रकाशातल्या निकेलच्या ६७६.८ नॅनोमीटरच्या वर्णरेषेवर चालतं; पृष्ठभाग हलला की ही रेषा किंचित सरकते. मायकेलसन व्यतिकरणमापीतून (प्रकाशलहरी एकमेकींवर पाडून सूक्ष्म फरक मोजणारं साधन) वेगवेगळ्या कलांच्या (लहरींच्या टप्प्यांच्या) तीन प्रतिमा घ्यायच्या, त्यांवरून प्रत्येक पिक्सेलचा वेग काढायचा. दर मिनिटाला असा एक वेगनकाशा. सेकंदाला १ मीटर वेगाने रेषा सरकते ०.०००००२३ नॅनोमीटर! शिवाय पृथ्वीची स्वतःची गती वजा करावी लागते, ती वेगळीच.

खरी मेख मात्र सहा ठिकाणच्या प्रतिमा जुळवण्यात आहे. सूर्याचं विषुववृत्त सेकंदाला सुमारे २ किलोमीटर वेगाने फिरतं. प्रतिमा ०.१ अंशाने जरी तिरकी बसली, तरी त्यातले सेकंदाला साडेतीन मीटर उत्तर-दक्षिण दिशेत झिरपतात. ध्रुवांकडे वाहणारा प्रवाह मुळात सेकंदाला १०-२० मीटरचा, म्हणजे ही चूक परवडणारी नाही. त्यासाठी दुर्बीण थांबवून सूर्यबिंब आपोआप सरकू द्यायचं. ते ज्या रेषेत सरकतं ती पूर्व-पश्चिम. दोन केंद्रांवर एकाच वेळी ऊन असेल तेव्हा त्यांच्या प्रतिमाही एकमेकींशी ताडून पाहता येतात.

नोंदी ३६ दिवसांच्या 'महिन्यां'त बांधतात. असे तीन सलग जोडले की १०८ दिवसांत ०.११ मायक्रोहर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो, आणि ०.४ ची ती फूट सुटी होते. त्याच फुटींतून कळलं की विषुववृत्त वेगात, ध्रुव संथ हा प्रकार पृष्ठभागापासून खाली, केंद्रापासून त्रिज्येच्या साधारण ७१ टक्के अंतरापर्यंतच चालतो. त्याखाली सूर्य जवळपास एकसंध गोळ्यासारखा फिरतो.