तुम्ही विचारलंत म्हणून: हात चालतो, मग कागद कशाला?

“ऑपरेशनं करता, हात चांगला आहे म्हणतात, मग ते संशोधन-बिंशोधन कशाला करत बसता?” म्हापशातल्या लग्नात हे विचारलं जातं, ओपीडीत नातेवाईक विचारतात आणि आमची एम.एस. करणारी मुलंही विचारतात, जरा चाचरत. संशोधन म्हटलं की लोकांना काचेच्या नळ्या आणि उंदीर दिसतात. माझ्याकडे आहे ती नुसती एक यादी: कुणाचं ऑपरेशन केलं आणि पुढे त्याचं काय झालं.

मी मोठ्या आतड्याच्या, त्यातही जास्त करून गुदाशयाच्या, म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाच्या, कॅन्सरचा सर्जन. ऑपरेशन नीट झालं की नाही हे टेबलावर कळतच नाही, हे माझं सरळ उत्तर. रक्त कमी गेलं, टाके सुंदर पडले, पेशंट चवथीला घरी पोचला. पण गाठ त्याच जागी परत आली का, हे कळायला दोन-तीन वर्षं जावी लागतात. आणि ज्याची परत येते तो पुष्कळदा दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. मग आपल्याला आपले सगळेच पेशंट ठणठणीत वाटतात.

१९०८ साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी पोटातून आणि खालून, असा दोन्हीकडून गुदाशय गुदद्वारासकट काढायची पद्धत मांडली. पेशंटच्या पोटावर शौचासाठी कायमची पिशवी. पुढे कितीतरी वर्षं गाठ त्याच जागी परतली की सर्जन म्हणायचे, आजारच वाईट. १९८२ मध्ये इंग्लंडचे सर्जन बिल हील्ड यांनी दाखवून दिलं की गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या आवरणात, म्हणजे मेसोरेक्टममध्ये, कॅन्सरचे कण मागे राहतात. ते आवरण न फाडता अखंड काढा. पुढे हॉलंडमध्ये सर्जनना ही पद्धत हाताला धरून शिकवली आणि १,८६१ पेशंटांचा अभ्यास केला. २००१ चे आकडे आहेत: दोन वर्षांत गाठ त्याच जागी परतण्याचं प्रमाण नुसतं ऑपरेशन झालेल्यांत ८.२ टक्के, आणि आधी आठवडाभर रेडिएशन दिलेल्यांत २.४. हील्ड कुठल्या नामांकित विद्यापीठात नव्हते, बेसिंगस्टोकच्या जिल्हा रुग्णालयात होते. मला या गोष्टीतलं तेवढंच सर्वांत आवडतं.

काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये जाण्यापूर्वी आम्ही हिरव्या कापडावर ठेवून त्याचे पुढून-मागून फोटो काढतो. आवरण शाबूत असेल तर चरबी गुळगुळीत, चकचकीत दिसते. कुठे खळगा असेल तर तिथे आमची कात्री आत घुसलेली असते. मग पॅथॉलॉजिस्ट बाहेरून शाई फासतात, आडव्या पातळ चकत्या पाडतात आणि गाठ शाईपासून किती लांब आहे ते मोजतात. १ मिलीमीटर किंवा त्याहून कमी भरलं तर कड बाधित, म्हणजे कॅन्सर आत राहिल्याची भीती. सर्जनला मार्क देणारा माणूस सर्जन नसावा, हे मला फार पटतं. लग्नात “हात चांगला” म्हणणाऱ्यांनी एकदा या चकत्या बघाव्यात.

पेशंटचा पुढे वर्षानुवर्षं माग ठेवायला गोवा सोयीचा. पेडण्याहून काय, काणकोणहून काय, माणूस सकाळी निघून संध्याकाळी घरी परततो. फोन बंद लागला तर वाड्यावरचं कुणीतरी सांगतं: बोटीवर गेलाय, आखातात मुलाकडे गेलाय, किंवा नुसतंच, गेला. बांबोळीच्या मेडिकल कॉलेजची परंपरा १८४२ पर्यंत मागे जाते, अभिमान आहेच, पण परंपरेनं पेशंटचा पत्ता सापडत नाही.

यादीत हल्ली एक रकाना वाढलाय. आतडं खाली जोडलं, कायमची पिशवी टळली, की आम्ही खूश. पेशंटचं काय? २०१२ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी त्यासाठी पाच प्रश्न बसवले: गॅस आवरतो का, पातळ शौच सुटते का, दिवसात किती वेळा जावं लागतं, तासाभरात परत जावं लागतं का, धावत सुटावं लागतं का. एकूण गुण ४२, आणि ३० किंवा वर गेले की त्रास तीव्र. वाळपईहून बसनं येणारा माणूस आदल्या रात्रीपासून काही खात नाही, हे सीटी स्कॅन मला कधीच सांगणार नव्हता.

आणि काहींना कापावंच लागत नाही. ब्राझीलच्या अँजेलिटा हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये असे पेशंट मांडले, ज्यांची गाठ रेडिएशन आणि केमोनं पूर्ण विरघळली होती. त्यांचं ऑपरेशन न करता फक्त नजर ठेवायची. सर्जनमंडळींना हे पचायला वेळ लागला, साहजिकच. पण नजर ठेवायची म्हणजे सुरुवातीची दोन-तीन वर्षं थोड्या थोड्या महिन्यांनी बोटानं तपासणी, दुर्बीण, एमआरआय, आणि तारीख चुकली की मागे लागणं. ज्याचं ऑपरेशन केलंच नाही त्याच्यासाठी एवढा वेळ काढायचा तर त्याचं बिल कशाचं लावायचं, असं एका ज्येष्ठ सर्जनमित्रानं मला विचारलं. ते अजून ठरलेलं नाही.