किट टाकूनही जॅक पुन्हा लीक : लोडरच्या सिलेंडरचा माझा अनुभव

माझा एक बॅकहो लोडर आहे, भाड्यानं चालतो. मुरूम भरणं, ले-आउटची लेव्हलिंग, पावसाळ्याआधी नालेसफाई, नागपूरच्या आजूबाजूला जे मिळेल ते काम. यंदा एप्रिलमध्ये ऑपरेटरचा फोन आला, "भाऊ, समोरच्या बकेटचा जॅक पुन्हा लीक होऊन राहिला." पुन्हा म्हणजे दिवाळीच्या आसपास त्याच जॅकची, म्हणजे ऑइलच्या प्रेशरवर बकेट हलवणाऱ्या सिलेंडरची, सील किट (आतल्या सगळ्या सीलांचा संच) बदलली होती, साइटवरच, एका फिरत्या मिस्त्रीकडून. सहा महिन्यांत किट जात नसते, म्हणजे काहीतरी दुसरंच होतं.

ऑपरेटरचं म्हणणं होतं की सीझन आहे, ऑइल टाकत राहू अन् जूननंतर पाहू. आता जॅकमधून आतबाहेर होणारा रॉड थोडा ओलसर दिसणं वेगळं, ऑइलची पातळ फिल्म रॉडवर राहतेच, तेवढी लागते पण. पण इथं थेंब पडत होता. सेकंदाला एक थेंब धरला तरी 24 तासांत चार लिटरच्या वर ऑइल जातं, अन् जिथून ऑइल बाहेर येतं तिथं धूळ चिकटते, ती धूळ रॉडसोबत आत जाते आणि उरलेली सील खाते, म्हणजे वाट पाहण्यात पैसे वाचतात हा हिशोबच चूक.

आधी लीक नेमकं कुठून आहे ते पाहिलं. जॅक दोन प्रकारे लीक होतो. एक बाहेरून, ग्लँडमधून (रॉड जिथून बाहेर येतो ते तोंडाचं झाकण), ते डोळ्याला दिसतं. दुसरं आतल्या आत, रॉडच्या आतल्या टोकाला असलेल्या पिस्टनची सील गेली की ऑइल या बाजूचं त्या बाजूला जातं, बाहेर थेंबही नाही आणि भरलेली बकेट आपोआप कलायला लागते. पण बकेट कलते म्हणून लगेच जॅक खोलू नका, कंट्रोल वॉल्वच्या स्पूलमधूनही (लिव्हरनं सरकून ऑइलची वाट बदलणारा दांडा) तसंच होऊ शकतं. आम्ही बकेट भरून, उचलून, कोणाला खाली येऊ न देता तशीच धरून पाहिली, ती जागची हलली नाही. म्हणजे पिस्टन ठीक, भानगड ग्लँडमध्येच.

एक गोष्ट सगळ्यांनाच सांगतो, लीक कुठून आहे ते हात फिरवून कधीच पाहायचं नाही. 200 बारच्या प्रेशरनं बारीक छिद्रातून निघणारं ऑइल कातडी फोडून आत घुसतं, वरून टोचल्यासारखं बारीक दिसतं पण डायरेक्ट ऑपरेशनची केस असते ती. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, बस.

काढताना बकेट जमिनीवर टेकवली, इंजिन बंद, मग लिव्हर सगळीकडे हलवून उरलेलं प्रेशर सोडलं आणि मशीन थंड होऊ दिली, कारण ऊन बेक्कार अन् ऑइल त्याहून गरम. होज, म्हणजे ऑइलचे पाइप, सावकाश ढिले केले, तोंडं लगेच प्लास्टिकच्या बुचानं बंद केली. होज निघाले, पण जॅक अडकवणारी पीन निघता निघेना. डिझेल सोडलं, घन मारला, ऑपरेटर अन् हेल्पर दोघंही घामानं चिंब. शेवटी पीन बाहेर आली तर एका बाजूनं इतकी झिजलेली की बोटालाच खोबण लागत होती.

जॅक टेम्पोत टाकून हिंगणा एमआयडीसीत एका हायड्रॉलिकवाल्याकडे नेला. तिथले मिस्त्री काका वयस्कर, बोलणं कमी. ग्लँडच्या खाचा आधीच्या माणसानं छिन्नी मारून बिघडवल्या होत्या, ते पाहून काकांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू छिन्नी मीच मारली. लांब दांड्याचा हुक पाना लावून ग्लँड फिरवला, रॉड बाहेर ओढला, जुनी सील काढली आणि ती हातात फिरवत म्हणाले, "पाहा बरं, एकाच बाजूनं घासली आहे. तुम्ही सील बदलून राहिले, पण सील कटून काहून राहिली ते कोणी पाह्यलं?"

खरंच, एका बाजूला सील जवळजवळ नव्यासारखी आणि दुसऱ्या बाजूला पातळ, चकचकीत. ग्लँडमध्ये रॉडला मधोमध धरणारी वेअर रिंगही तशीच. रॉड वाकला असेल असं मला वाटलं, पण त्यांनी व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावून फिरवून दाखवला, सरळ होता. मग नख आडवं धरून पूर्ण रॉडवर ओढलं, एका जागी अडकलं, दगड लागून टवका उडाला होता. मी म्हटलं नवीन क्रोम करून टाका. तर काका नाही म्हणाले! धंदा सोडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. म्हणाले, टवका लहान आहे, वर आलेली धार ऑइल स्टोननं घासून काढतो, खड्डे पडले असते, क्रोम उडून गंज दिसला असता तर गोष्ट वेगळी, तुम्ही पैसे पीन-बुशला (पीन अन् ती ज्यात बसते ती बुश) लावा.

कारण तिथंच होतं. 90 एमएमचा बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) म्हणजे 200 बारला पिस्टनवर साडेबारा टनांच्या वर जोर. पीन-बुश ढिली असली की हा जोर सरळ न जाता रॉडला थोडा बाजूला ढकलतो, रॉड वेअर रिंगवर दाबतो, ती झिजली की सगळा भार सीलवर. मग किट कितीही भारी आणा, काय फरक पडणार.

किट त्यांनी मॉडेल विचारून दिली नाही, रॉड, बोअर, खाचेची रुंदी सगळं व्हर्नियरनं मोजून दिली. रॉड सीलचा ओठ ऑइलच्या बाजूला, वायपरचा, म्हणजे माती अडवणाऱ्या सीलचा, ओठ बाहेर मातीकडे. पिस्टनची सीलही बदलली, खोललंच आहे तर ती जुनी ठेवण्यात अर्थ नाही, गरम ऑइलमध्ये थोडी मऊ करून चढवली. बुश लेथवाल्याकडून नवीन, पीन नवीन.

बसवल्यावर इंजिन स्लोवर ठेवून जॅक बऱ्याच वेळा हळूहळू आतबाहेर केला, हवा निघेपर्यंत रॉड टोकाला आपटू दिला नाही, मग लेव्हल पाहून ऑइल टाकलं. 46 नंबरचं ऑइल टाकायचं की 68 नंबरचं यावर आमच्याकडे नेहमी वाद. हे आकडे 40 डिग्रीला ऑइल किती घट्ट आहे त्याचे आहेत, आणि नागपूरच्या मे महिन्यात तेवढी तर नुसती हवाच असते. आत ऑइल 80 च्या वर गेलं की पातळही होतं आणि सीलचं रबरही कडक व्हायला लागतं. माझ्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये उन्हाळ्यासाठी 68 लिहिलंय, तेच टाकतो. आणि ऑपरेटरला सांगितलंय, सकाळी चहाच्या आधी पीनांना ग्रीस, रॉडवरची वाळलेली काळी माती कपड्यानं पुसायची, खरडायची नाही.

जॅक सध्या कोरडा आहे. दुसऱ्या बाजूच्या जॅकची पीन परवा सब्बल लावून हलवून पाहिली, तिच्यातही खेळ आहे, तिथं सील अजून टिकून आहे. पावसानं काम थांबलं की तिची बुश आधी बदलणार, किटचं नंतर पाहू.